डोक्यावरचा धोंडा

सकाळी सव्वानऊला व्हॅन येते. आम्ही सात जण.
नुरजिहान यादी वाचते. माझ्या आडनावाशी
दोनदा अडखळते, तिसऱ्यांदा सोडून देते,
आणि पिवळं फडकं बांधलेली काठी उंच धरून सांगते,
चुकलात तर हिच्याकडे बघा.

चुकायला जागा भरपूर आहे.
कापादोक्याचा हा खडक मऊ, नखानं ओरखडा उठेल असा,
राखेचाच, कधीकाळच्या ज्वालामुखीच्या,
थरावर थर: गुलाबी, पिवळट, मग सायीसारखा.
पाण्यानं त्यात दऱ्या कोरल्या
आणि मधेमधे सुळके उभे ठेवले,
प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक काळा दगड.

वरचा कठीण, नुरजिहान म्हणते.
तो आहे तोवर खालचं मऊ टिकतं.
तो पडला की सुळका गेलाच समजा.

आमच्याकडे माणसं धोंडा पायावर पाडून घेतात.
हे डोक्यावर घेऊन उभे, आणि म्हणूनच उभे.
(हे मी कुणाला सांगितलं नाही. भाषांतर करण्याजोगं नव्हतं.)

कोर्दोबाची ग्रासिएला दंतवैद्य आहे.
तिला सगळीकडे दाढाच दिसतात, किडलेल्या,
पोकळ झालेल्या, बऱ्याचशा वाचवता न येणाऱ्या.
बुसानचे नामसाहेब कड्यातली कबुतरांची भोकं मोजतात,
दोनशे चाळीसला कबूतर उडतं, पुन्हा पहिल्यापासून.
भोकांभोवती चुन्याचे पट्टे. आतली विष्ठा द्राक्षमळ्याला.
खाली वेली जमिनीलगत पसरलेल्या,
मांडव नाही, काही नाही, आणि तरी लगडलेल्या.

जेवणाला पांढऱ्या घेवड्याचं कालवण, मडक्यातलं.
ड्रायव्हर बाहेर जर्दाळूखाली, वर्तमानपत्रावर
पाव, टोमॅटो, मीठ.
मी नाव विचारलं. दुर्सुन.
म्हणजे 'राहू दे', नुरजिहान म्हणाली,
ह्याच्या आधीची दोन राहिली नव्हती.

मग मी माझ्या चुलत्याचं सांगितलं, धोंडूकाकांचं.
त्यांच्या आधीची तीन.
बाळ कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून
त्याला दगड म्हटलं, आणि तो ब्याऐंशी वर्षं
बिड्या ओढत, भांडत, राहिला.
नुरजिहाननं हे किती पोचवलं कोण जाणे.
दुर्सुननं पायाशी पडलेला खडा उचलला,
माझ्यापुढे धरला. "दोंडू?"
धोंडू, मी म्हटलं. ध. ध.
"दोंडू," तो म्हणाला, आणि खडा खिशात टाकला.

त्यानंतर ठरल्याप्रमाणे कुंभाराचं दुकान.
पंचेचाळीस मिनिटं. ग्रासिएलानं एक कप घेतला,
बाकीच्यांनी ओशाळून चहा प्यायला.

मग यादीत नसलेलं वळण.
नुरजिहाननं घड्याळ पाहिलं, काही बोलली नाही.
कड्यात कोरलेलं गाव, अर्धं.
पुढची बाजू कोसळलेली, म्हणून खोल्या
उघड्या, कापलेल्या डाळिंबासारख्या.
माणसं कधीच खाली सपाटीवर नेलेली,
पत्र्याच्या छपरांत.
वर तिसऱ्या ओळीत एक निळी भिंत,
एक कोनाडा, चुलीच्या जागी काजळी.
तिथं जाणारा जिना हवेतच संपलेला.

दुर्सुन हात दाखवत बराच वेळ बोलला.
आम्ही वाट पाहिली.
"तिथं पाळणा होता, म्हणतो," नुरजिहान म्हणाली.
एवढंच.
काठी तिनं आडवी धरली होती, खाली,
फडकं धुळीत लोळत होतं.
नामसाहेबांनी टोपी काढली. का ते त्यांनाही
नीट सांगता आलं नसतं.

साडेपाचला एकेकाला हॉटेलशी सोडलं.
मी शेवट. सामान घेतलं, हात जोडले, वळले.
दहा पावलांवर मागून हाक आली,
ध नसलेली, खणखणीत,
दगड दरीत टाकावा तशी:
"दोंडू!"

आणि मी ओ दिली.